आठ पायांची कार्यक्षमता

एका जंगलात, बाळांनो, केसराज नावाचे अस्वल राज्य करीत असे. त्याची कन्या रोमावली हिचा विवाह ठरला होता. वरपक्षाची अट एकच होती. बासुंदीत चारोळी हवी. नसेल, तर वरात मागे फिरेल.

चारोळीच्या बिया फोडण्याचे काम अष्टभुजा कोळिणीकडे होते. ती जाळ्याला पोटाने लटकत असे आणि प्रत्येक पायात एक गोटा धरीत असे. तिने ‘हाण!’ म्हणताच आठही गोटे एकदम पडत. एक आज्ञा, आठ घाव! संगणकातही अशी सोय असते. तिला सदिश प्रक्रिया म्हणतात.

परंतु विवाह जवळ आला तरी चारोळीची वाटी भरेना. राजाने बकराव बगळ्यास तपासनीस नेमले. बकराव दिवसभर एका पायावर उभे राहून कोळिणीचे आठ पाय न्याहाळीत राहिले.

“महाराज, आठही पाय अखंड चालू आहेत. कार्यक्षमता शंभर टक्के!”

“मग वाटी रिकामी कशी?”

“वाटी पाहणे माझ्या कक्षेत येत नाही, महाराज.”

कोळीण वरून ओरडली, “अहो बकराव, जरा खाली बघा! ही खार एका वेळी एकच बी आणते. माझे सात गोटे नुसते दगडावर आपटतात. तिला टोपली द्या की!”

“तोंड एकच आहे हो माझे!” खार धापा टाकीत म्हणाली.

“बाई, तुम्ही पाय हलवा. विचार आम्ही करतो,” बकराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरी कोळीण नेमली.

आता सोळा गोटे पडू लागले. जंगल दणाणले. खार तरीही एकच बी आणी, आणि ते कोणापुढे ठेवावे यावरून दोघी कोळिणी भांडत.

बकरावांनी पुन्हा मोजले. “कार्यक्षमता दुप्पट! मात्र अधूनमधून मध्येच बी येते. गोटा घसरतो, ताल बिघडतो.”

त्यांनी खारीला कामावरून काढले.

वरात आली. वरपित्याने बासुंदीत पळी फिरवून पाहिली. “चारोळी कुठे आहे?”

बकराव पुढे झाले. “आज सोळाही गोटे एका तालात पडले. बीचा अडथळा एकदाही आला नाही!”

वरात मागे फिरली. रोमावलीने मुंडावळ्या ओरबाडून काढल्या. “बाबा, आता काय हो?”

केसराजाने बकरावांकडे कौतुकाने पाहिले. “रडू नकोस, बाळ. पुढच्या स्थळासाठी आपण तिसरी कोळीण ठेवू.”

तात्पर्य: काम झाले नाही, तरी चिंता नसावी. ते किती वेगाने झाले नाही, हे मात्र अचूक मोजता आले पाहिजे.