गायकवाडकाकांची न उघडणारी दारं

गायकवाडकाकांनी मागच्या अंगणातल्या शेडला चार दारं केली आहेत आणि त्यातली तीन उघडत नाहीत. चौकट आहे, हँडल आहे, ढकललं की भिंत. "याला अर्थ आहे," असं काका म्हणतात. त्यांच्या मते अर्थ नाही अशी वस्तू आमच्या अख्ख्या फ्लॅट बुश उपनगरात नाही.

काका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. काकी वारल्यावर शहरातल्याच मनुरेव्याचं घर विकून आमच्या शेजारी आले. पूर्वी दोघं कंबोडिया पाहून आले होते, तेव्हापासून तिथल्या प्राचीन ख्मेर देवळांनी काकांना झपाटलंय. मोटरवेवर गाडी अडकली की म्हणतात, "इकडचे देव, तिकडचे असुर. समुद्रमंथन चाललंय."

"आणि आपण?"

"आपली एक्झिट मागेच गेली."

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण शहराच्या दुसऱ्या भागातून, माउंट वेलिंग्टनहून, त्यांच्या मुलीचा, स्मिताचा, फोन आला. "दादा, बाबांवर लक्ष ठेवा ना. काही वेगळं वाटलं तर सांगा, मी ते घर विकून त्यांना इकडे घेऊन येते."

झालं. मी कुंपणावरून हेरगिरी सुरू केली. काकांनी शेडभोवती चर खणून पाणी सोडलं. म्हणाले, हा सागर आणि शेड म्हणजे मेरू पर्वत. मेरूत लॉनमोअर होता.

मग एके दिवशी आमच्या बाजूच्या, पश्चिमेच्या दाराशी बायकांच्या जॅन्डल्स दिसल्या. निळ्या, घासलेल्या स्लिपर. दुसऱ्या दिवशीही तिथेच. माझ्या मनात नाही नाही ते आलं. काकांनी आत कुणाला ठेवलंय? मुद्दाम उघडत नाही म्हणून सांगितलेलं दार नक्की उघडत असणार.

कोथिंबीर मागायच्या निमित्ताने गेलो, चर ओलांडला आणि दार ढकललं. भिंत.

"ते आपल्यासाठी नाही," मागून काका म्हणाले. "तिथल्या देवळांत माणसांना एकच दार. बाकीची, ज्यांना दार उघडावं लागत नाही त्यांची. आणि पश्चिम ही गेलेल्यांची दिशा." त्यांनी खाली बसून जॅन्डल्स झटकल्या, पुन्हा जोडीने ठेवल्या. "हिला चपला घालून घरात आलेलं खपायचं नाही."

मला फार वाईट वाटलं. कोथिंबीर न घेताच परतलो.

संध्याकाळी स्मिताचा फोन आला तेव्हा पाऊस लागला होता. कुंपणापलीकडे काका भिजत उभे होते, त्या जॅन्डल्सवर छत्री नीट बसवत.

"काही वेगळं वाटतंय का, दादा?"

"नाही गं," मी म्हणालो. "काहीच नाही. त्यांना इथेच राहू दे."