वाकडं लाटणं

चंद्राबाईंचं लाटणं मध्ये फुगलेलं आणि एका टोकाला कललेलं होतं. त्याखाली गेलेली पोळी कुठूनही सुरू होऊन वाटेल तिथे संपायची. एरवी चाललं असतं. घरात भाकरीच खपायची. पण गुरुवारी त्यांच्या लेकीला, अंजनाला, बघायला कवठे महांकाळचे पाहुणे येणार होते, आणि पोळ्या मुलीनेच केल्यात असं सांगायचं ठरलं होतं.

लाटणं कोंडीबा सुताराकडचं. संक्रांतीच्या बाजारात त्याने अशी साठ-सत्तर विकली होती. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला तो हळूच सांगायचा, "वैनी, बुधवारी आना. फकस्त तुमचं बदलून देतो. कुनाला बोलू नगा."

बुधवारी आष्ट्याच्या पेठेत बावन्न बायका लाटणी घेऊन हजर झाल्या. कुणीही कुणाला बोललेलं नव्हतं. कोंडीबाने दुकानाच्या दाराच्या फटीतून एकदा बघितलं आणि आतून कडी घातली.

ऊन चढलं तशा बायका समोरच्या रेशन दुकानाच्या पत्र्याखाली सावलीला सरकल्या. दुकानदार हंबीरराव महिनाभर "साखर आली न्हाई" असं सांगत होता, तेही साखरेच्या पोत्यावर बसून. त्याने मान वर केली, तर दारात बावन्न लाटणी.

तेवढ्यात सायकलवरून जयपाल मास्तर आले. ते शाळेत भूगोल शिकवत आणि सांगलीच्या दैनिकाला बातम्या पाठवत. मुंबईत बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हापासून आष्ट्यात काहीच होत नाही याचं त्यांना दुःख होतं. ते सायकलवरून उतरलेच नाहीत, पडले.

"काकू, त्रास काय आहे, स्पष्ट सांगा!"

"काय सांगायचं मास्तर, संक्रांतीपास्नं घरात एक धड पोळी न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे पुसले आणि लिहून घेतलं.

हंबीरराव घाम पुसत पोत्यावरून उठला. "आक्का, हाय साखर. आत्ता देतो."

"आवं, आमी साखरंला आलोच न्हाई," शेजारच्या गुणमालाकाकू म्हणाल्या.

हंबीररावाचा चेहरा पडला. "रॉकेल बी देतो!"

"रॉकेल नगं गड्या, आमचं काम येगळंच हाय."

"पामतेल! आवं, मागं दोन डबं हायती. पन ते लाटनं तेवढं खाली ठिवा!"

दुपारपर्यंत तिन्ही वाटून झालं. बायका डोक्यावर ओझी घेऊन घरी गेल्या. लाटणी तशीच वाकडी होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी पोळीकडे बराच वेळ बघितलं. पोळीला एक शेपूट होतं. 

लालासाहेबांनी खिशातून सकाळचा पेपर काढला. पहिल्या पानावर आष्ट्याच्या लाटणं मोर्च्याच्या बातमीत चंद्राबाईंचं नाव होतं. "ह्या तुमीच न्हवं?"

"व्हय, पन त्याचं असं झालं..."

"आन ही पोळी त्याच लाटन्याची?"

"त्याच. म्हनून तर अशी..."

लालासाहेबांनी पोळी कपाळाला लावली आणि मग खाल्ली. सहा खाल्ल्या. पानावरून उठताना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. हुंडा नगं, मानपान नगं. फकस्त लाटनं पाटवा तिच्यासंगं."

पुढच्या आठवड्यात चंद्राबाई नवं लाटणं घ्यायला कोंडीबाकडे गेल्या. दुकानावर पाटी होती : 'मोर्च्याचं अस्सल लाटणं'. किंमत दुप्पट, आणि एकूण एक वाकडं.

"कोंडीबा, एक सरळ दे रं."

"सरळ?" कोंडीबाला वाईट वाटलं. "सरळ आता कोन इचारतंय, वैनी?" मग इकडे-तिकडे बघून तो हळूच म्हणाला, "बुधवारी या. फकस्त तुमाला देतो. कुनाला बोलू नगा."

चंद्राबाईंनी नुसतं मागे वळून बघितलं. समोर हंबीरराव घाईघाईने साखरेचं पोतं सोडत होता.