ऐच्छिक माहितीचा डबा

"शेठ, गुपित राखायचं तर माणूस कसा पाहिजे? माझ्यासारखा!" कपिल भर ऑफिसात छाती ठोकून बोलला, आणि आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

ऑफिस म्हणजे अवसरी बुद्रुकच्या शिवारातलं भाजी निर्यातीचं पॅकहाऊस. भेंडी नि मिरची निवडायची, खोक्यात भरायची आणि विमानानं इंग्लंडला धाडायची. मालक कल्पेश. त्याच्या पणज्यानं राजस्थानातून येऊन मंचरला किराण्याचं दुकान टाकलं होतं. पणतू आता भांडतोही मराठीतच. कपिल त्याच्याकडे तीन वर्षं कारकून होता, पण टेंपरवारी. आता बारा जागा भरायच्या होत्या. अकरा निवडणीच्या आणि एक सुपरवायझरची, कायम! त्या जागेसाठी कपिलचाही अर्ज होता.

इंग्लंडच्या गिऱ्हाइकानं या खेपेला नवीनच टूम काढली. प्रत्येक अर्जदाराकडून एक वेगळा फॉर्म घ्या: वय, लिंग, धर्म, सामाजिक गट, अपंगत्व. फॉर्मवर नाव नाही. भरणं ऐच्छिक, आणि प्रत्येक प्रश्नाखाली शेवटचा चौकोन 'सांगण्याची इच्छा नाही'. नोकरी देणाऱ्यानं हा कागद बघायचासुद्धा नाही. कुलूपबंद डबा थेट गिऱ्हाइकाच्या पुण्याच्या ऑफिसात जाणार आणि तिथल्या स्नेहा मॅडम तो उघडणार. कसकशी माणसं अर्ज करतात, एवढंच त्यांना मोजायचं होतं. आणि तो डबा सांभाळायचं काम छाती ठोकणाऱ्या कपिलच्याच गळ्यात पडलं.

"अरे, पण इथं कोण कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," कल्पेश म्हणाला. "कुलूप कशाला?"

"नियम म्हणजे नियम, शेठ!"

कपिल नियमाचा इतका पक्का, की रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देऊन वळायचा. त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडली, कडी लावली, कुलूप ठोकलं. कोण कुठला कागद टाकतंय ते आपल्याला दिसता कामा नये, म्हणून डबा मागच्या टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली. लोक येतील, टाकतील, जातील. आपण भिंत बघायची!

पहिला फॉर्म त्यानं स्वतःचाच भरला. वय भरलं, लिंग भरलं. 'धर्म' आला तसा पेन थांबला. चाकणच्या कंपनीत असताना चौघं मित्र रोज एका टेबलावर जेवायचे. एके दिवशी एकानं सहज विचारलं, यानंही सहज सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर याला जागा नसायची. ते आठवलं, आणि कपिलनं धर्माखाली नि गटाखाली 'सांगण्याची इच्छा नाही' वर बरोबरची खूण केली. नियमातच आहे, असं मनाशी म्हटलं. पण खरं सांगायचं तर तो घाबरला होता.

नऊ वाजता रांग लागली आणि गोंधळाला सुरुवात झाली.

"कपिल, ऐच्छिक म्हंजे काय रं?" पोपट ओरडला. हा शाळेपासूनचा सोबती.

"म्हणजे वाटलं तर भर, नाहीतर नको."

"आन् न्हाई भरलं तर नाव कटनार व्हय?"

"नाही कटणार!"

"सरकारी योजनेत बी असंच म्हनत्यात, आन् मग कटतंय!" पोपटनं रांगेलाच सल्ला दिला. "जातीचा दाखला जोडा रं समदे!"

झालं! अर्धी रांग मोटारसायकलींवरून मंचरला झेरॉक्स काढायला पळाली. कुणी रेशनकार्ड जोडलं, कुणी फोटो डकवला, एकानं तर सरपंचाचं पत्र आणलं. फॉर्मवर नाव नको म्हणून कपिल घसा फोडत होता, तेही भिंतीकडे बघून.

"भाऊ, आमी नेमकं कशात येतो?"

"मला सांगू नका! मला कळता कामा नये!" कपिलनं दोन्ही कानांत बोटं घातली.

"आरं, तू माझ्या लग्नात वाढपी व्हतास की!"

"ते वेगळं! आत्ता मी तुला ओळखत नाही!"

दुपारी रांग ओसरू लागली आणि दारात चपलांची फटफट आली. ती कुणाची, हे कपिलला झोपेतही कळलं असतं. जानकाबाई, त्याची सख्खी आत्या. आई आजारी असायची त्या दिवसांत याला हिनंच वाढवलं होतं. नवरा गेल्यावर ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची; आता गुडघे बोलत होते, म्हणून तिला सावलीतलं निवडणीचं काम हवं होतं.

"कपिल्या, ह्यो कागद कुटं टाकू?"

पाठीमागे दहा-बारा माणसं उभी. आत्याला वेगळा न्याय दिला तर लोक काय म्हणतील? कपिलनं मान ताठ केली. "मागं डबा आहे. आणि नाव घेऊ नका. तुम्ही कोण, ते मला कळता कामा नये."

"मी कोन हाय, त्ये तुला कळू नये?"

"नाही. नियम आहे."

"माझ्याकडं बगून तर बोल!"

कपिलनं भिंतीकडे बघितलं. मागे कागद खसफसला. मग चपला सावकाश दाराबाहेर गेल्या.

बातमी कपिलच्या आधी गावात पोचली. 'साहेब झाल्यावर आत्तीकडं पाठ केली!' संध्याकाळी तो तिच्या घरी गेला, तर जानकाबाई उठून उभी राहिली.

"या साहेब. बसा. पानी देऊ का?"

"आत्या, असं काय करतीस?"

"चा घेता का जी?" असं म्हणून तिनं पाहुण्यांची कपबशी काढली. या घरात कपिल जन्मात पाहुण्यांच्या कपबशीतून चहा प्यायला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं! कपिल भरली कपबशी तशीच ठेवून उठला.

चौथ्या दिवशी कल्पेशनं सगळ्यांना अंगणात बोलावून यादी वाचली. सुपरवायझर, कपिल. निवडणीत तिसरं नाव जानकाबाईचं. कपिलचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच कल्पेशनं कौतुकानं मोबाइल काढला.

"पुण्याहून मॅडमचा मेसेज आलाय. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्यांनी पूर्ण माहिती दिली! धर्म आणि गट सांगायची इच्छा नाही म्हणणारा माणूस फक्त एक!"

आणि मग जे व्हायचं तेच झालं.

"कोन असंल रं?"

"जानकाबाई! त्या दिवशी रुसून ग्येली न्हाई का?" पोपट म्हणाला. "आपली जात लपवली बाईनं! आमी दाखले जोडले आन् तिसरा नंबर हिचा!"

जानकाबाईचा चेहरा उतरला. कपिलनं तो पाहिला आणि त्याला आजोबा आठवले. हिच्या बापानं दीक्षा घेतल्यावर लेकरांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घ्यायला शाळेच्या पायरीवर तीन दिवस ठाण मांडलं होतं. मास्तर टाळत होता, म्हातारा उठत नव्हता. ही गोष्ट ती कपिलला भाकरी भरवताना सांगायची. आणि आज भर अंगणात तिला लपवणारी ठरवलं होतं. ज्यानं खरोखर लपवलं, तो त्याच म्हाताऱ्याचा नातू सुपरवायझर होऊन उभा होता!

"मला नगं तुमचं काम," जानकाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि फाटकाकडे चालू लागली.

"थांब आत्या!" कपिल ओरडला. "तो फॉर्म माझा आहे!"

"कपिल, गप!" कल्पेश दचकला. "गोपनीय आहे ते! पुण्याला काय सांगू मी?"

"काय सांगायचं ते सांगा, शेठ! मी भरलं तसं. मी घाबरलो. चाकणला माझ्या ताटाला टेबलावर जागा राहिली नव्हती, ते डोक्यातून जात नव्हतं. पण ह्या बाईनं उभ्या जन्मात काही लपवलं नाही. मी बौद्ध आहे, अनुसूचित जातीचा आहे आणि हिचा भाचा आहे. नोकरी द्यायची तर द्या, नाहीतर राहू द्या!"

कपिलला वाटलं, आता आभाळ कोसळणार. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"एवढंच व्हय?" पोपट हिरमुसून म्हणाला. "त्ये आमाला पयल्यापास्नं ठाव हाय! मला वाटलं, नवीन काय तरी कळंल!"

लोक हसले. कपिलही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. जानकाबाई फाटकातून परत आली, त्याच्यापुढे उभी राहिली आणि कमरेच्या पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढला.

"ह्यो बग माझा कागद. मी टाकलाच न्हाई! तू पाठ केल्यावर परत घडी घातली आन् पिशवीत ठेवला."

"म्हणजे मी उगाच…"

"उगाच न्हाई. बोललास त्ये लई बरं क्येलंस." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भरात येऊन तो कागद त्याच्या हातात कोंबला. "वाच! मोठ्यानं वाच. जानकाबाई काय लपवती, त्ये कळू दे समद्यांला!"

कपिलनं घसा साफ केला. "धर्म, बौद्ध! सामाजिक गट, अनुसूचित जाती!" खुणा इतक्या दाबून केल्या होत्या की कागद फाटायचाच बाकी होता. "लिंग, स्त्री! अपंगत्व, नाही! वय…"

तो थांबला. त्यानं कागद जवळ धरून पुन्हा पाहिला.

"आरं, वाच की!" पोपट ओरडला. "वय काय?"

जानकाबाईनं घाईघाईनं कपिलचा दंड धरला आणि त्याच्या कानाशी लागली.

"त्येवढं गाळ, बाळा," ती पुटपुटली. "ऐच्छिक हाय न्हवं त्ये?"