सरांच्या मदतनीस

सलग सातव्या आठवड्यातही काम आलं नाही, तेव्हा पाठ्यपुस्तकांसाठी शरीररचनेच्या आकृत्या काढणाऱ्या त्या गृहस्थांनी घरातल्या सगळ्या पेन्सिली कठीणपणाच्या क्रमाने लावल्या. मग उलट क्रमाने लावल्या. तिसरा क्रम सुचेना, म्हणून ते ईमेलकडे वळले.

"मोकळा माणूस कुणालाच नको असतो," असं म्हणत त्यांनी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं. कामाच्या व्यापामुळे उत्तराला तीन दिवस लागतील.

"सात आठवड्यांत कुणी काही विचारलंय का?" बायको म्हणाली.

"आता विचारतील."

आणि खरंच विचारलं. प्रकाशनाच्या संपादकबाईंना मूत्रपिंडाच्या बारा आकृत्या हव्या होत्या. व्यापाचं उत्तर त्याच सेकंदाला गेलं. दोन मिनिटांत बाईंचा निरोप आला, 'हरकत नाही, दुसरं कुणीतरी बघते.'

हे प्रकाशन गेलं, की उरला फक्त भावाचा दवाखाना, आणि त्याला पाच वर्षांत एक पाटी लागत असे.

"फोन करून सांगा ना, मोकळा आहे म्हणून."

"आत्ताच तर व्यापात होतो. दोन मिनिटांत मोकळा कसा होईन?" ते थोडा वेळ खोलीत फिरले. "तूच कर फोन. सांग, सरांची मदतनीस बोलतेय. आकृत्या मी काढते, सर नजर टाकतात."

"मला सरळ रेघ काढता येत नाही."

"फोनवर रेघ काढायची नसते."

काम मिळालं. नाव आपलं नाही म्हटल्यावर गृहस्थांनी पसंत पडेल तसं नव्हे, तर असतं तसं मूत्रपिंड काढलं. आठवड्याने बाईंचा फोन आला, तो मदतनीस मॅडमना.

"किती स्वच्छ काम हो तुमचं. सरांच्या आकृत्यांत जरा पाल्हाळ असतो, नाही?"

"असतो," बायको म्हणाली. बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे हृदयाचं काम थेट मॅडमकडे आलं. मग कानाचं. पण कान नाजूक विषय, म्हणून बाईंनी त्या आकृत्या तपासायला सरांकडे पाठवल्या. तीन दिवसांचा व्याप विसरून सरांनी तासाभरात नऊ चुका काढून कळवल्या.

"स्वतःच्याच चुका?" बायको थक्क झाली.

"पाल्हाळ म्हणतात मला. कळू दे जरा, सर कोण आहेत ते."

संध्याकाळी पुन्हा मॅडमना फोन आला.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पण एक सांगू का? इतकं बारीक, तेही तासाभरात, कोण तपासतं? मला वाटतं, सरांकडे सध्या कामच नाहीये. माणूस मानी आहे, बोलणार नाही. तुमच्याकडचं थोडं त्यांना देता येईल का?"

बायकोने टेबलाकडे पाहिलं. गृहस्थ सातवी चूक दुरुस्त करत होते. फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असावा, कारण पेन्सिल कानाच्या पडद्यावर थांबली होती.

"देईन की," ती म्हणाली. "पण आधी नमुन्यादाखल एखादी आकृती काढून दाखवू दे त्यांना. मग बघू."