तुमचा माणूस आमच्याकडे झोपला आहे

गादीवाल्याच्या दुकानावर तीन पाट्या होत्या आणि तिन्हींचं आपसात पटत नव्हतं. "लोण्यासारखी मऊ" ही बायकोची. "पाठदुखीवर टणक" ही त्याची स्वतःची. "सगळ्यात स्वस्त" ही धाकट्या भावाची, जो ती ठोकून परगावी निघून गेला होता. गिऱ्हाईक पहिली वाचून पायरी चढे, दुसरी वाचून थबके आणि तिसरी वाचून संशयाने उतरे. माल मात्र अस्सल. त्याने भरलेल्या गादीवर एकदा कोंबडा झोपला, तर त्या आळीत दोन दिवस उजाडलंच नाही, असं सांगणारे सांगतात.

महिनाअखेरीपर्यंत दुकान चाललं नाही तर चुलतभावाच्या सिमेंटच्या गोदामात मुकादम म्हणून जायचं, असं ठरून चुकलं होतं. गादीवाल्याला त्या विचारानेच ठसका लागे. शेवटी बायकोने थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. आक्कांनी एका बिस्किटांच्या कंपनीत वीस वर्षं विक्रीची सूत्रं हलवली होती. गादीवाला कुरकुरला, की एवढ्याशा दुकानाला सेनापती कशाला? त्या पोचायच्या आत आपणच काहीतरी करून दाखवावं म्हणून त्याने दर्शनी काचेत गादी टाकली आणि लोकांना नमुना दिसावा म्हणून स्वतःच तिच्यावर आडवा झाला. पाच मिनिटं पडायचं आणि हसतमुखाने उठायचं, असा बेत होता.

बेताचा पहिला भाग तेवढा पार पडला.

आधी पोस्टमन थांबला. माणूस गेला की काय म्हणून आत आला, श्वास चालू दिसला तेव्हा सुटकेने शेजारच्या गादीवर टेकला. टेकला तो टेकलाच. त्याला शोधत एक पेन्शनर आला, पेन्शनराला हलवायला चित्रकलेचे मास्तर, मास्तरांना हाका मारायला बँकेचा कॅशियर. कॅशियर असा घोरू लागला की काचा ताल धरू लागल्या. दुपारी चारला आक्का बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा दहा गाद्यांवर दहा माणसं, काचेत मालक, आणि मधोमध कपाळाला हात लावून त्यांची बहीण.

तिने नवऱ्याला गदागदा हलवलं. "अहो, उठा. धर्मशाळा झाली दुकानाची."

तो धडपडत उठला आणि एकेकाला हाकलायला निघाला. आक्कांनी हात आडवा घातला.

"मेहुणेबुवा, थांबा जरा. असू दे त्यांना."

"अहो आक्का, फुकटे आहेत सगळे. झोप झाली की जांभई देऊन चालते होतील."

"होणारच. ज्याची झोप झाली तो गादी कशाला घेईल? घेणारा घरी जागा बसलाय. ह्यांच्या घरचे फोन आहेत का?"

आक्कांनी दहा घरी एकच निरोप धाडला: तुमचा माणूस आमच्याकडे झोपला आहे. सुखरूप आहे. न्यायला या. मग तिन्ही पाट्या उतरवल्या आणि दोघांना ताकीद दिली, की येईल त्याला खुर्ची द्यायची आणि गादीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गादीवाला खुर्च्या मांडायला लागला.

पोस्टमनची बायको भांडायच्या तयारीने आली. नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाजच उतरला. नऊ वर्षांत हा माणूस एका कुशीवर पाच मिनिटं टिकला नव्हता, असं पुटपुटत तिने गादी बांधायला सांगितली. मग पेन्शनराची सून आली, मास्तरांची आई आली. अंधार पडायच्या आत नऊ गाद्या गेल्या. त्यांतली एक माणसासकट गेली, कारण मास्तरांना गादीपासून वेगळं काढणं कोणाला जमेना.

राहिला कॅशियर. त्याची बायको आली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. क्षणभर काचांचा ताल ऐकत उभी राहिली.

"एक द्या."

गादीवाल्याला राहवेना. "देतो की वहिनी. पण आधी ह्यांना उठवायला हवं."

"कशाला? गादी मला हवीय. हे राहू देत इथेच."

आक्कांनी समाधानाने चष्मा पुसला. सकाळी दुकानावर एकच पाटी होती: "घोरणाऱ्याच्या शेजारी झोपणाऱ्यांसाठी". दार उघडायच्या आधीच रांग लागली, आणि रांगेतल्या सगळ्यांचे डोळे लाल.

त्याच गडबडीत चुलतभावाचा फोन आला, की मुकादम कधी रुजू होतोय? गादीवाल्याने फोन खांद्याने दाबून धरला, कारण हातांत सुई-दोरा होता.

"दादा, मुकादम काही मिळायचा नाही," तो म्हणाला. "एक कॅशियर मात्र शिल्लक आहे. पाठवू?"