आधी सोर्स काढा

अंबडला आमच्या गल्लीत भांडण लागलं की पाईकराव सरांना बोलावणं जातं. सर येतात, भांडण कशाचं हे विचारतसुद्धा नाहीत. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याच्या हातात पिशवी देतात आणि त्याला कोथिंबीर आणायला पाठवतात.

सर तंत्रनिकेतनात विजेचा विषय शिकवतात. मी तिथलाच ग्रंथपाल, आणि भिंतीला भिंत लागून त्यांचा शेजारी. म्हणजे दिवसभर आणि संध्याकाळीही मी त्यांच्या तावडीत. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण सरांचा एक नियम पाठ झालाय. सर्किट कितीही किचकट असो, त्यात करंट ढकलणारा सोर्स असतो तो आधी उचलून बाजूला ठेवायचा आणि त्याची जागा मोकळी सोडायची. मग उरलेलं सर्किट एकदम सोपं दिसतं आणि त्यात अडथळा किती, म्हणजे इंपिडन्स किती, ते बिनचूक काढता येतं.

"आधी सोर्स काढा, मंग इंपिडन्स," हे सर इतक्यांदा म्हणतात की आमच्या शिपायालाही ते येतं. आष्टीहून एसटीने येणारी एक मुलगी फळ्यापाशी रडकुंडीला आली, तेव्हा सरांनी फळ्यावरचा सोर्स स्वतःच्या रुमालाने पुसून टाकला.

"आता पाह्य. काय राह्यलं?"

"दोन रेझिस्टन्स, सर."

"मंग एवढ्यासाठी रडून राह्यली व्हय?"

मुलगी हसली आणि गणित सुटलं.

गल्लीतही तेच. बोअरच्या पाण्यावरून दोन घरं हमरीतुमरीवर आली होती. मोठ्या आवाजाचे काका कोथिंबीर घेऊन परत येईपर्यंत बाकीच्यांनी शांतपणे पाहिलं, तर व्हॉल्व्हच अडकलेला. काकांना अजून बरंच बोलायचं होतं, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सर सकाळी दहालाच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला, पेपर झाला, पेपरातल्या जाहिरातीही वाचून झाल्या. सर हलेनात. भिंतीपलीकडून मटणाचा असा वास येत होता की माझंच लक्ष लागेना.

"सर, घरी पाहुणे हायेत का?"

"अमोल आलाय."

अमोल त्यांचा एकुलता मुलगा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून त्याने लग्नांत साउंड लावायचा धंदा काढला. त्यावरून बापलेकांचं असं बिनसलं की दोन वर्षं पोराने घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"मंग तुम्ही हितं काय करून राह्यले?"

सर पेपराची घडी घालत राहिले. "मी समोर असलो की बोलतो. मी बोललो की तो ताटावरून उठतो. त्याच्या आईनं दोन वर्षं वाट पाह्यली, भाऊ. आज त्यानं पोटभर जेवावं. म्हणून मीच निघून आलो."

एरवी मी त्यांची चेष्टा करायची एक संधी सोडत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांच्यासमोर चहाचा दुसरा कप ठेवला.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. सरांनी मान वर केली. "तोच हसला ना?"

"तोच."

"त्याच्या साउंडला अर्थिंग नीट हाय का, एवढं विचारायला पाह्यजे कुणीतरी. मांडवात लेकरं हिंडत असतात."

दुपारी दीडला अमोल फाटकात येऊन उभा राहिला. वडील चार हातांवर बसलेले, तरी बोलला माझ्याशीच. "काका, पप्पांना म्हणावं, आई वाढून बसली."

सरही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला विचारा, त्याचं जेवण झालं का?"

मी तोंड उघडायच्या आत अमोल म्हणाला, "न्हाई. मी थांबलोय त्यांच्यासाठी."

सर उठले आणि तडक फाटकाकडे निघाले. त्यांच्या चपला संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावरच होत्या.