तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

गुडघ्यांच्या ऑपरेशनवर सरकारचा फार पैसा जातोय, खर्च आटोक्यात आणा, असा वरून हुकूम आला आणि आरोग्य विमा कचेरीतल्या हेडक्लार्कने नामी शक्कल लढवली. अर्जदाराने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी जातीने हजर राहायचं. लिफ्ट दोन वर्षं बंदच होती. जो धापा टाकत वर पोचे, त्याच्या अर्जावर शेरा पडे, 'जिना चढता येतो. ऑपरेशनची गरज नाही.' जो पोचत नसे, तो 'गैरहजर'. तीन महिन्यांत खर्च शून्यावर आला. संचालक खूश झाले आणि हेडक्लार्कच्या बढतीचा कागद हलला.

अशात एका सकाळी बायकोने त्याच्या डब्याच्या पिशवीत एक अर्ज सरकवला.

"आईचा आहे. मंजूर करून आणा."

"अगं, त्या जिना चढल्या तर नामंजूर होणार!"

"आणि नाही चढली तर?"

"तरी नामंजूर."

"ठीक आहे. मग गुडघा बरा होईपर्यंत आई इथेच राहील."

हेडक्लार्कने पिशवीतला अर्ज काढून पुन्हा वाचला. आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंना दोन महिने झाले होते. त्याची आरामखुर्ची आणि टीव्हीचा रिमोट, दोन्ही त्यांच्या ताब्यात होती. पण स्वतःचाच नियम मोडला तर बढती हातची जाणार.

दुपारी त्याला एकदम सुचलं. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर न्यायचं! म्हणजे हजर तर आहेत, पण जिना चढलेल्या नाहीत. नियमात कुठेच बसत नाही, म्हणजे मंजूर करायला हरकत नाही. दोनपैकी एक शिपाई नेमका रजेवर होता, तेव्हा खुर्चीची मागची बाजू त्यानेच धरली.

"जावईबापू, नीट धरा! मी घसरतेय!" सासूबाई प्रत्येक वळणावर ओरडत होत्या.

शेवटच्या पायरीवर त्याच्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. पण अर्ज मंजूर झाला, त्या आनंदात त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पन्नास म्हातारी माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन बसलेली. हेडक्लार्क हादरला. त्याने तातडीने परिपत्रक काढलं, 'खुर्चीतून आणलेल्यांचे अर्ज घेतले जाणार नाहीत.' संचालकांनी सही करून शाबासकीही दिली.

संध्याकाळी हेडक्लार्कचा गुडघा हा एवढा सुजला. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याचा अर्ज हाताखालच्या कारकुनाने आठवडाभरात परत पाठवला. सोबत अदबीने लिहिलं होतं, 'साहेब, आपण रोज तिसऱ्या मजल्यावर येऊन मस्टरवर सही केलेली आहे. जिना चढता येतो. सध्या गैरहजर आहात, तेही नोंदवलं आहे.'

हेडक्लार्क कॉटवर पडून राहिला. महिन्याभराने सासूबाई नव्या गुडघ्यावर ताठ चालत आल्या, आरामखुर्ची त्याच्या कॉटजवळ ओढून बसल्या आणि त्यांनी टीव्ही लावला.

"काही काळजी करू नका, जावईबापू. तुम्ही चालायला लागेपर्यंत मी कुठ्ठे जात नाही."